गाडीचं दार अडकलं तर

आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या दाराबद्दल. लॉक होऊन बसलेलं, ओढूनही न उघडणारं दार. हा पुरुषांचा विषय म्हणून रेडिओ बंद करू नका. घरच्या गाडीत मागच्या सीटवर बहुतेक वेळा आपणच असतो, मुलं, सासूबाई आणि बाजाराच्या पिशव्या घेऊन. आणि मागचं दार अडकलं की दुरुस्ती कायम पुढे ढकलली जाते, कारण गाडी तर चालतेच आहे. "तिकडून ये गं" असं सांगितलं जातं आणि आपण साडी सावरत दुसऱ्या बाजूने सरकत जाऊन बसतो. एक पावसाळा जातो, दुसरा जातो. हे आम्हाला पटत नाही. न उघडणारं दार म्हणजे गाडीतून बाहेर पडायची एक वाट बंद, आणि ती नेमकी मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाजूची.

आपल्या भागात दारं जास्त का अडकतात? सातपाटी, मुरबे, नांदगाव, चिंचणी, सगळीकडे खारं वारं. लोखंडाला ते सोडत नाही. बोईसरकडे त्यात कारखान्यांच्या हवेची भर. वर चार महिन्यांचा पाऊस. काच वर-खाली होते त्या फटीतून थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते निघून जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि दार उघडताना खळखळ आवाज येतो. असा आवाज आला तर खराट्याचा एक हीर घ्या आणि ती भोकं मोकळी करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पावसाआधी केलं तर फार उपयोगाचं.

आता दाराच्या आत काय असतं ते समजून घेऊ. दाराच्या कडेला लोखंडी जबडा असतो, तेच लॉक. समोर गाडीच्या खांबावर एक कडी घट्ट बसवलेली असते. दार लावलं की जबडा ती कडी पकडतो. बाहेरचं हँडल एका सळईने जबड्याला जोडलेलं असतं, आतलं हँडल बहुधा केबलने. सळईच्या टोकाला प्लास्टिकची नखाएवढी क्लिप असते. सेंट्रल लॉक असेल तर छोटी मोटर जबड्याला अडवते आणि सोडते. एवढंच. यातलं काय बिघडलंय ते हाताला आणि कानाला बऱ्यापैकी कळतं.

हँडल ओढलं आणि ते अगदी सैल, निर्जीव लागलं तर क्लिप निसटली आहे किंवा केबल तुटली आहे. हँडल जड लागतं, ओढल्यावर मागे जात नाही, तर गंज किंवा सुकून घट्ट झालेलं जुनं ग्रीस. हँडल नेहमीसारखं आहे पण दार हलत नाही, तर लॉक सुटत नाही. तेव्हा दाराला कान लावा आणि दुसरीला चावीचं बटण दाबायला सांगा. आतून "खट्" असा आवाज आला तर मोटर जिवंत आहे, अडचण पुढे आहे. बाकी दारांत आवाज येतो आणि याच दारात नाही, तर मोटर गेली असेल किंवा वायर तुटली असेल. दार आणि गाडी यांच्यामध्ये जी रबरी नळी दिसते, तिच्यातून वायरी जातात. दार उघडून-लावून त्या तिथेच तुटतात. चारही दारं मुकी असतील तर आधी गाडीची बॅटरी आणि फ्यूज बघायचे.

मागचं दार बाहेरून उघडतं, आतून मात्र नाही, असं असेल तर गॅरेजला जाऊ नका. दार उघडून त्याच्या कडेला, जबड्याजवळ बघा. एक लहान खटका असेल, शेजारी मुलाचं चित्र. तो चाइल्ड लॉक. गाडी धुताना, सामान चढवताना कधी तो दाबला जातो आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. खटका फिरवला की काम झालं, पैसे शून्य.

खरंच अडकलेलं दार उघडायला दोघी लागतात. एकीने आत बसून आतलं हँडल ओढायचं, दुसरीने बाहेरून कंबरेने दार आत दाबायचं आणि त्याच वेळी बाहेरचं हँडल ओढायचं. दार आत दाबलं की कडीवरचा ताण कमी होतो आणि जबडा सुटायला वाव मिळतो. लॉकचं बटण हाताने वर धरून ठेवता येत असेल तर धरा. जबड्याच्या जागेवर बाहेरून तळहाताने चार थापा मारा. हातोडा नको, पत्रा चेपेल. तरी नाही सुटलं तर गंज सोडवायचा स्प्रे आणा, त्याची बारीक नळी दाराच्या फटीत घालून जबड्याकडे मारा, अर्धा तास थांबा आणि परत करा. स्प्रे नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालेल. खोबरेल किंवा गोडं तेल मात्र नको. थंडीत खोबरेल थिजतं, दोन्हींवर धूळ बसते आणि महिन्याभरात आधीपेक्षा घट्ट चिकट होतं. चावीच भोकात फिरत नसेल तर पेन्सिलचं शिसं चावीवर चांगलं घासा आणि चावी हळूहळू आत-बाहेर करा. रिमोट बंद पडला असेल तर घाबरू नका, बहुतेक रिमोटच्या पोटातच लोखंडी चावी दडवलेली असते. ती कशी निघते ते आजच घरी बघून ठेवा.

आणि दार एकदा उघडलं की आनंदाच्या भरात लावून टाकू नका! आधी ते उघडं असतानाच स्क्रू ड्रायव्हरने जबडा दाबा, कडी पकडल्यासारखा तो बंद होईल. मग हँडल ओढून बघा, बाहेरून आणि आतून. दोन्ही वेळा जबडा सुटला तरच दार लावायचं. नाही सुटला तर दार दोरीने बांधून, मागे कुणालाही न बसवता, थेट गॅरेज. कारण बंद दाराचं आतलं पॅनल काढणं हे खरं किचकट काम. काही स्क्रू दार लावल्यावर झाकले जातात, क्लिपा तुटतात, आणि मजुरी त्याचीच लागते.

गॅरेजमध्ये बाई एकटी गेली की "ताई, पूर्ण लॉक बदलावं लागेल" हे वाक्य लवकर येतं. कधी ते खरंही असतं. पण नखाएवढी क्लिप निसटलेली असताना अख्खं लॉक बदलल्याचं बिल आमच्यातल्या एकीने भरलेलं आहे. म्हणून गाडी सोडतानाच सांगायचं: दादा, पॅनल उघडलं की मला बोलवा, काय तुटलंय ते दाखवा, आणि जुना भाग परत द्या. हँडल सैल होतं की जड, मोटरचा आवाज येतो की नाही, हे आपण आधीच सांगितलं की समोरच्याचं बोलणंही बदलतं. नवा भाग बसल्यावर आतल्या सगळ्या सांध्यांना ग्रीस लावून घ्या. सरकत्या दाराची गाडी असेल तर खालची पट्टीही साफ करून घ्या. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तिथे वाळू भरलेली असते.

आता जे सांगायचं ते जड आहे. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात तीन लहान मुलं घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत सापडली, मेलेली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला एक लहान बहीण-भाऊ तसेच गेले. खेळता खेळता मुलं गाडीत शिरतात आणि दार उघडून बाहेर येणं त्यांना जमत नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा ते वीस अंशांनी चढतं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं. आपल्याकडे चाळींच्या मागे, गॅरेजशेजारी, बंद पडलेल्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात. त्या कुणाच्या आहेत ते विचारा आणि डिकीसकट कुलूपबंद करायला लावा. मूल दिसेनासं झालं तर विहीर आणि पाण्याची टाकी बघतो तशा जवळपासच्या गाड्याही लगेच बघा.

मूल आत अडकलेलं दिसलं तर चावीवाल्याची वाट बघू नका. एकीने ११२ ला फोन लावायचा, दुसरीने काच फोडायची. पुढची मोठी काच फुटून पडत नाही, तिचा नाद सोडा. बाजूच्या दाराची काच, मुलापासून लांबची, चाकाच्या पान्ह्याने किंवा टोकदार दगडाने कोपऱ्यात मारा. मधोमध मारलं तर पान्हा उसळून परत येतो. त्या काचेचे बारीक खडे होतात, तरी हाताला पदर किंवा टॉवेल गुंडाळा. मूल बाहेर आलं की सावली, ओलं फडकं, वारा आणि १०८ ची रुग्णवाहिका.

मुलांना एक खेळ शिकवा. गाडी अंगणात उभी असताना, तुम्ही शेजारी उभ्या राहून. मागचं दार उघडत नाही? मग मधून पुढच्या सीटवर जायचं, कारण पुढच्या दारांना चाइल्ड लॉक नसतो. तेही उघडलं नाही तर हॉर्न दाबून धरायचा. बहुतेक गाड्यांत चावी नसतानाही हॉर्न वाजतो. तुमच्या गाडीत वाजतो का, ते आधी तपासा.

जूनमध्ये शाळा सुरू होतील. मुलांना नेणाऱ्या गाडीत चाइल्ड लॉक लावलेला हवाच, चालत्या गाडीत मूल दार उघडता कामा नये. पण मग त्या गाडीचं प्रत्येक दार बाहेरून एका झटक्यात उघडलं पाहिजे. पहिल्या दिवशी मुलाला बसवायला जाल तेव्हा गाडीवाल्या काकांना सांगा, "काका, दोन्ही बाजूंची दारं जरा लावून उघडून दाखवा." एखादं दार अडलं तर बाकीच्या आयांनाही तिथेच हाक मारा, आणि दुरुस्ती कुठल्या तारखेपर्यंत होईल ते सगळ्यांसमोर विचारून घ्या.