तिथी आणि श्रद्धा : यहुदी गूढवादाच्या अभ्यासाची कथा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मांडवगडावर गेलेल्या माणसाला वाटाड्या बाजबहादुराच्या महालात नेतो आणि तेथून वर, कड्याच्या टोकाशी असलेला रूपमतीचा मंडप दाखवतो. राणी तेथून नर्मदेचे दर्शन घेई, ही कथा ऐकून आपण माळव्यातले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या हळवे होत आलो आहोत. परंतु त्याच महालाच्या दारावर एक शिलालेख आहे. ही इमारत नासिरुद्दीन खिलजीच्या काळी, १५०८-०९ साली उभी राहिली, असे तो सांगतो. बाजबहादूर गादीवर आला तो १५५५ मध्ये. मंडपाचा मूळ भागही पहाऱ्याची चौकी असावा, असे जाणकारांचे मत आहे. मग कथा खोटी ठरली काय? की शिलालेख वाचणारा अरसिक ठरला?

हाच प्रश्न एका दूरच्या समाजाला त्याच्या परमपवित्र ग्रंथाविषयी पडला. त्याचे उत्तर शोधण्यात त्या समाजाच्या विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

यहुदी लोकांच्या गूढवादी परंपरेला ‘कब्बाला’ म्हणतात. परंपरेने हाती आलेले ते कब्बाला, असा त्या शब्दाचा अर्थ. अगम्य, अनंत परमेश्वर दहा शक्तींच्या रूपाने कसा प्रकट होतो आणि माणसाच्या आचरणाचा त्या दिव्य व्यवस्थेवर कसा परिणाम होतो, याचे चिंतन तीत आहे. ‘झोहर’, म्हणजे ‘तेज’, हा तिचा मुकुटमणी. दुसऱ्या शतकातील ऋषितुल्य आचार्य शिमोन बार योहाय आणि त्यांचे शिष्य यांचे संवाद म्हणून तो अरामी भाषेत लिहिलेला आहे. मात्र त्याची हस्तलिखिते लोकांच्या हाती येऊ लागली ती तेराव्या शतकाच्या अखेरीस, स्पेनमधील कास्तिल प्रांतात, मोझेस द लेओन नावाच्या पंडिताकडून.

हा मोझेस १३०५ मध्ये वारला. आक्को नगरातून आलेला आयझॅक नावाचा विद्वान तेव्हा या ग्रंथाचा शोध घेत होता. त्याच्या कानी आले ते असे : एका धनिकाच्या पत्नीने मोझेसच्या विधवेकडे मूळ प्राचीन पोथी मागितली, मोबदल्यात तिच्या मुलीला आपली सून करून घेण्याचे वचन दिले. विधवेने शपथेवर सांगितले, की अशी पोथी घरात कधी नव्हतीच; पती जे लिहीत ते आपल्या मनानेच लिहीत. दारिद्र्यात पडलेल्या त्या बाईला खोटे बोलून काय लाभणार होते? आयझॅकचा हा वृत्तान्त पुढे एका इतिहासग्रंथात उतरवला गेला म्हणून वाचला.

येथे मराठीच्या अभ्यासकाला थबकावेसे वाटते. झोहर प्रसृत होऊ लागला त्याच सुमारास, शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन देशांत एकाच काळात दोन महाग्रंथ अवतरले. पण दिशा किती निराळ्या! ज्ञानदेवांनी संस्कृतातले गुह्य लोकांच्या बोलीत आणले आणि ग्रंथाच्या शेवटी शक नोंदवला. झोहरने नवे चिंतन जुन्या, बोलण्यातून गेलेल्या भाषेचे वस्त्र पांघरून मांडले आणि आपले नावगाव लपवले.

एकोणिसाव्या शतकात इतिहासलेखनाची दृष्टी आली, तेव्हा हाइनरिख ग्रेट्झसारख्या थोर यहुदी इतिहासकाराने झोहरला सरळ बनावट ठरवले आणि कब्बालेची हेटाळणी केली. श्रद्धाळू म्हणत, ग्रंथ प्राचीनच. चिकित्सा हे पाप. बुद्धिवादी म्हणत, ग्रंथ अर्वाचीन, म्हणून टाकाऊ. ग्रंथ मन लावून वाचण्याची गरज दोघांनाही भासली नाही.

ती भासली गेर्शोम शोलेम यांना. १८९७ मध्ये बर्लिन येथे जन्मलेला हा गृहस्थ १९२३ मध्ये जेरुसलेमला आला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात हिब्रू विभागाचा ग्रंथपाल झाला. १९२५ पासून तो हिब्रू विद्यापीठात शिकवू लागला. आरंभी त्याचा कल झोहरमध्ये पुष्कळ प्राचीन अंश असावा, असे मानण्याकडे होता. मग वर्षानुवर्षे त्याने त्या ग्रंथाचा शब्द न् शब्द तपासला. अरामीच्या बुरख्याआड मध्ययुगीन हिब्रूची घडण दिसली. पॅलेस्टाइनच्या भूगोलाच्या चुका दिसल्या. नंतरच्या ग्रंथांतले विचार दिसले. १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याने व्याख्याने दिली, ती १९४१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ग्रंथाचा मुख्य भाग मोझेस द लेओनचाच, हा आपल्या मूळ मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याने तीत निःसंकोच मांडला. पण ग्रेट्झप्रमाणे तो तेथे थांबला नाही. लेखक मध्ययुगीन ठरला म्हणून ग्रंथाची थोरवी उणावत नाही. उलट त्या काळच्या समाजाच्या अंतःकरणाचा तो जिवंत पुरावा ठरतो, असे त्याने दाखवून दिले. पुढे येहुदा लीबेस यांनी झोहरमागे एकच लेखक नसून अभ्यासकांचे एक मंडळ असावे, असे मत मांडले. मोशे इडेल यांनी १९८८ मध्ये शोलेमच्या इतर काही सिद्धान्तांना आव्हान दिले. गुरूचे मत तपासून पाहणे ही या शास्त्रातली गुरुदक्षिणाच होय.

शोलेमचे साधन कोणते? ग्रंथसंग्रह! इतरांनी कचरा मानलेली चोपडी तो वेचून गोळा करी. हवी असलेली पुस्तके कोणती, याची यादीच त्याने १९३७ मध्ये छापली. १९८२ मध्ये तो निवर्तला. त्याचा सुमारे पंचवीस हजार ग्रंथांचा संग्रह आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

अशा चोपड्यांची एक वाट आपल्या पुण्यातूनही जाते. १८७४ मध्ये पुण्यात मराठीभाषी बेने इस्रायल समाजासाठी वल्हांडणाच्या सणाची पोथी हिब्रू व मराठी या दोन्ही भाषांत छापली गेली. पुढे १८८७ मध्ये अब्राहम डेव्हिड इझिकेल या पुणेकर बगदादी यहुद्याने झोहरमधील ‘इद्रा झुटा’ हे प्रकरण हिब्रू लिपीतील अरबीत भाषांतरून पुण्यात प्रसिद्ध केले. शिमोन बार योहाय यांचा अंतकाळचा उपदेश त्यात आहे. इझिकेल थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. हे गुह्य सामान्यांच्या हाती पडताच बगदादचे धर्मगुरू खवळले आणि त्यांनी पुस्तकाचा निषेध केला. गुह्य उघडे करावे की नाही, हा आळंदी-पैठणचा वाद पुण्याच्या छावणीत असा पुन्हा रंगला! बोअझ हुस या संशोधकाने अलीकडे या प्रकरणावर लिहिले, ते ही लहानशी पुस्तिका कोणीतरी जपून ठेवली म्हणूनच.

श्रोतेहो, आता घरची गोष्ट. आपल्या मागील खोलीत बासनात बांधलेल्या पोथ्या आहेत. त्या कोणी उघडत नाही, वाळवीला निमंत्रण होते, म्हणून त्या काढून टाकाव्यात, अशी सूचना मध्यंतरी आली होती. तत्पूर्वी, मी तरुण असताना, अन्यत्र एका संग्रहातील अशीच बाडे रद्दीत गेली. त्या यादीवर सही करणाऱ्यांत मीही होतो. त्यांत काय होते, हे मला आजही सांगता येत नाही. कारण सही करण्यापूर्वी मी एकही बासन सोडले नव्हते. श्रद्धेने नव्हे आणि चिकित्सेनेही नव्हे, केवळ आळसाने मी तो निकाल दिला.

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यांच्या ठायी भक्त आणि संशोधक यांत भांडण नव्हते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे खरे रूप जाणून घ्यावेसे वाटणे, ही भक्तीचीच एक रीत आहे. मांडवगडाचा शिलालेख वाचूनही सायंकाळी रूपमतीच्या मंडपातून नर्मदेची रेघ दिसते, तेव्हा मन भरून येतेच. राणीच्या कथेखाली आणखी एक कथा आहे, हे तेवढे अधिक कळलेले असते.

म्हणून या शताब्दीच्या वर्षी माझी एवढीच विनंती आहे : त्या पोथ्यांची सूची करावी. दर शनिवारी दोन तास मी स्वतः येईन. सोबतीला दोन तरुण सभासद मिळाले, तर माझ्या त्या जुन्या सहीचे थोडे तरी प्रायश्चित्त घडेल.