लसीवरचा ठपका आणि वस्तुस्थिती

हिंगोलीत एखादा तरुण हृदयविकाराने अकस्मात गेला, की तेराव्यापूर्वीच कोविडच्या लसीवर ठपका येतो. वस्तुतः २०२१ मध्ये इस्रायल-अमेरिकेत हृदयस्नायूंना सूज आढळली ती फायझर-मॉडर्नाच्या लसींनंतर, मुख्यतः तरुणांत; बहुतेक बरेही झाले. हिंगोलीकरांना टोचली गेली ती पुण्याची कोव्हिशील्ड वा स्वदेशी कोव्हॅक्सिन. कोव्हिशील्डने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे झाकणे राष्ट्रहित नव्हे. परंतु भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ च्या अभ्यासात १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा धोका लसीने वाढलेला दिसला नाही. दिसले ते पूर्वीचे गंभीर कोविड, घराण्यातील असेच मृत्यू, अतिमद्यपान, अतिश्रम. अर्थात, शोकाकुल मातेपुढे स्वयंसेवकांनी आकडे मांडू नयेत. शवविच्छेदनाचा अहवाल मिळवण्यास तिच्यासोबत जावे.