अडलेला ब्रेक

महाबळेश्वरचा मुक्काम आटोपून आपण घरीं निघालां आहांत अशी कल्पना करा. पांचगणी मागें पडली, पसरणीचा घाट सुरू झाला, आणि निम्म्या उतारावर मोटारींत जळकट वास येऊं लागला. प्रथम वाटतें, पुढच्या एखाद्या मालमोटारीचा असेल. परंतु ती निघून गेली तरी वास कायमच! थोड्या वेळानें ब्रेकचें पॅडल पायाखालीं मऊ लागूं लागतें आणि नेहमींपेक्षां अधिक खालीं जातें. अशा वेळीं खरोखर काय घडत असतें, आणि तें घडूं नये म्हणून काय करावें, याविषयीं मी आज चार शब्द सांगणार आहें. गॅरेजांतील साध्या भाषेंत या रोगाला ‘कॅलिपर जाम होणें’ असें म्हणतात.

रोगाचें निदान करण्यापूर्वीं शरीररचना समजली पाहिजे. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरत असते. तिला सांडशीप्रमाणें दोहों बाजूंनीं धरणारा जो अवयव, तो कॅलिपर. आपण पॅडल दाबलें, कीं ब्रेक ऑइलाचा दाब नळींतून कॅलिपरांत पोंचतो, आंतला पिस्टन पुढें सरकतो, आणि दोन पॅड चकतीला आवळतात. बहुतेक घरगुती मोटारींत पिस्टन आंतल्या बाजूलाच असतो. बाहेरचा पॅड चकतीला टेकण्यासाठीं सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकावा लागतो. ही कल्पना कालपरवांची नव्हे. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालीं चकतीच्या ब्रेकाचें पेटंट घेतलें होतें. १९५३ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत असले ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारीनें जिंकली, तेव्हां त्यांच्याकडे साऱ्या जगाचें लक्ष गेलें.

आतां गंमत अशी, कीं पाय उचलल्यावर पिस्टनाला मागें ओढणारी स्प्रिंग येथें नसतेच. पिस्टनाभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें असतें. पिस्टन पुढें जातांना तें किंचित् पिळवटतें, आणि दाब गेला, कीं पूर्ववत् होतां होतां पिस्टनाला केसभर मागें घेतें. या केसभर अंतरावरच चाकाचें मोकळेपण अवलंबून! पिस्टनावरील धूळ रोखणारें आवरण फाटलें, पावसाळ्याचें पाणी किंवा कोंकणांतील खारी हवा आंत शिरून पिस्टन गंजला, अथवा पिनांवरील ग्रीस वाळून गेलें, तर रबराची ती इवलीशी शक्ति अपुरी पडते. मग पॅड चकतीला अखंड घासत राहतात, आणि घर्षणानें उष्णता वाढत जाते.

ही उष्णता शेवटीं ऑइलापर्यंत पोंचते. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीच्या ताज्या ऑइलाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश सेंटिग्रेड असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलासाठीं प्रमाण धरलेली मर्यादा अवघी १५५ अंशांची आहे. ऑइल उकळलें, कीं नळींत वाफ होते. ऑइल दबत नाहीं, वाफ मात्र दबते. म्हणून पॅडल मऊ लागतें, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतच नाहीं. एका चाकाचा आजार येणेंप्रमाणें सगळ्या मोटारीच्या जिवावर उठतो.

परंतु हा रोग चोरपावलांनीं येत नाहीं. तो आधीं सूचना देतो. सरळ रस्त्यावर ब्रेक न दाबतां गाडी एका अंगाला ओढूं लागते. पेट्रोल अधिक लागतें. एका चाकावर काळी भुकटी इतरांहून जास्त दिसते. शंका आल्यास दहापंधरा मिनिटें, शक्य तितका कमी ब्रेक लावून, गाडी चालवावी आणि सपाट जागीं थांबवावी. डाव्या व उजव्या चाकाजवळ तळहात नेऊन उष्णता ताडून पाहावी. चकतीला मात्र बोट लावूं नये. भाजल्यावांचून राहणार नाहीं.

पुढची परीक्षा गाडी उचलून करावयाची. इतर चाकांना अटकण लावून, केवळ जॅकवर विसंबून न राहतां, गाडीखालीं भक्कम घोडी द्यावी आणि चाक हातानें फिरवावें. तें जड फिरत असल्यास कॅलिपरावरील हवा काढण्याचें निपल किंचित् सैल करावें. ऑइल उसळून चाक मोकळें झालें, तर दोष कॅलिपराचा नसून दाब वरच्या बाजूला अडकला आहे. पुष्कळदां जुनी रबरी नळी आंतून फुगलेली असते. चाक तसेंच घट्ट राहिलें, तर कॅलिपर उतरवावा. तो नळीला लोंबकळत सोडूं नये. तारेनें बांधून ठेवावा. एकाच चाकाचे दोन पॅड असमान झिजले असले, तर प्रथम पिनांचा संशय घ्यावा.

पिना अडल्या असतील, तर उपाय स्वस्त आहे: त्या काढून स्वच्छ पुसाव्या, आणि रबराला न बाधणारें ब्रेकचें खास ग्रीस लावावें. साधें ग्रीस रबर फुगवितें. पिस्टन शिकंज्यानें सावकाश मागें सरकतो कीं नाहीं तें पाहावें. मागच्या चाकाच्या कॅलिपरांत हातब्रेकची योजना असेल, तर पुष्कळ वेळां पिस्टन फिरवीत मागें न्यावा लागतो. तेथें बळजबरी करूं नये. पिस्टनावर गंजाचे खड्डे पडले असले, तर घांसून पुसून वेळ मारून नेण्यांत अर्थ नाहीं. पिस्टन व रबरें, किंवा सबंध कॅलिपरच, बदलावा. पॅड दोन्ही बाजूंच्या चाकांचे एकदम बदलावे. नळी उघडली असल्यास हवा काढावी, आणि गाडी हलविण्यापूर्वीं पॅडल घट्ट होईपर्यंत दाबावें.

ज्याला हें काम नवें आहे, त्यानें तें जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्यावें. परंतु त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा. ‘पॅड झिजले, बदलले’ एवढेंच तो सांगूं लागला, तर ‘ते एकाच चाकाचे कां झिजले?’ असें विचारावें. अडलेल्या कॅलिपरांत नवे पॅड घालणें म्हणजे ताप न पाहतां आजाऱ्याचें अंथरूण बदलण्यासारखें आहे. नवे पॅडही तसेच जळतात, आणि मधल्या काळांत आपण निर्धास्त होतों, हें अधिक वाईट.

आणि घाटांतच पॅडल मऊ पडलें तर? घाबरूं नये. पॅडल भराभर दाबावें, क्रमानें खालच्या गिअरांत येऊन इंजिनाच्या ओढीनें वेग कमी करावा, हातब्रेक हळूहळू ओढावा, आणि सुरक्षित जागा पाहून थांबावें. तापलेल्या चकतीवर पाणी ओतूं नये. ती तडकण्याचा संभव असतो. गाडी निवल्यावर पॅडल पुन्हां घट्ट लागलें, तरी रोग बरा झाला असें मानूं नये. तपासणी होईपर्यंत ती गाडी पुढें नेऊं नये.

आपण मोटारींतून जातांना चालणाऱ्या इंजिनाचें कौतुक करतों; घरीं सुखरूप आणतो तो ब्रेक. प्रवासास निघण्यापूर्वीं त्याची विचारपूस करावी, एवढीच विनंती.