सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी : निवड आणि भवितव्य
(राजूर येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच चर्चा सुरू होते : मुलाला कुठे घालायचे? हल्ली बहुतेकांचे उत्तर ‘कॉम्प्युटर’ असे असते. सिव्हिलचे नाव निघाले, तर “गवंड्याचेच काम करायचे, मग डिग्री कशाला?” असे घरातलेच कोणीतरी म्हणते. आज मला ह्याच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे.

राजूरच्या माणसाला त्यासाठी लांब जावयास नको. भंडारदऱ्याचे धरण आपल्या शेजारीच आहे. १९१० साली त्याचे काम सुरू झाले, १९२६ साली ते पुरे झाले. दगडी भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर. तिचा एकेक दगड गवंड्यांनी व मजुरांनीच बसविला. परंतु पाया किती खोल न्यावा, पाण्याचा दाब किती येईल, तळाशी भिंत किती रुंद हवी, हे हिशेबाने ठरवावे लागले. पुढे १९६९ साली भिंतीला तडे व गळती दिसून आली, तेव्हा मागील बाजूने आधारभिंती उभारून धरण बळकट करावे लागले. कसब हाताचे, हिशेब शास्त्राचा, आणि खालच्या गावांना जाब देणारी सही इंजिनिअरची. पदवी घ्यावयाची ती ह्या सहीची लायकी अंगी यावी म्हणून.

आपल्यापैकी अनेक घरांत गवंडीकाम, सेंट्रिंग, लोखंड बांधणे हा पिढीजात व्यवसाय आहे. अशा घरातील मुलगा कॉलेजात शिदोरी घेऊनच जातो. तिला कोणी कमी लेखू नये. मात्र गणित व भौतिकशास्त्राची तयारी हवी. त्यावाचून पहिले वर्षच जड जाते.

पदवीला जाण्याच्या वाटा दोन. बारावी विज्ञान करून सीईटी द्यावी आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, ही एक. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जावे, ही दुसरी. बेताच्या परिस्थितीतल्या घराला दुसरी वाट अधिक सुरक्षित वाटते, कारण पुढे शिकता आले नाही तरी डिप्लोम्यावर नोकरी मिळू शकते.

कॉलेज निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नका. संगमनेर, लोणी, पुणे, नवीन पनवेल, कुठेही जा, पण चार प्रश्न विचारा. एआयसीटीईची मान्यता आहे काय? एनबीएचे मानांकन सिव्हिल शाखेला आहे काय? ते शाखेला मिळते, सबंध कॉलेजला नव्हे. काँक्रीटचे ठोकळे विद्यार्थी स्वतः दाबून तपासतात काय, टोटल स्टेशन त्यांच्या हाती मिळते काय? आणि नोकरी लागल्याचे आकडे सिव्हिलचे आहेत की सर्व शाखांचे मिळून?

आता भवितव्य. खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. सुरुवातीला ठेकेदाराकडे पगार बेताचा असतो, साइट घरापासून दूर असते, ऊन-पावसात उभे राहावे लागते. परंतु अनुभवाबरोबर किंमत वाढते. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद, रेल्वे येथे परीक्षा देऊन जागा मिळतात. मात्र भरती दर वर्षी होईलच असे नाही. खाजगी क्षेत्रात रस्ते, मेट्रो, पाणीपुरवठा, इमारतींचे आराखडे अशी कामे आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा खुला झाला. त्यावर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. असल्या कामांना हिशेब जाणणारी माणसे लागतातच. सौदी अरेबियात इंजिनिअर म्हणून राहावयाचे, तर तेथील इंजिनिअर परिषदेकडे नोंदणी लागते. तेथे पदवीचा कागद तपासला जातो.

पैशाची अडचण खरी आहे. पण माहितीअभावी शिक्षण सुटू नये. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे, मौलाना आझाद महामंडळाची शैक्षणिक कर्जयोजना आहे. मोमीन, अत्तार, तांबोळी अशा कित्येक बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात. त्यांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाची शिक्षण व परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. म्हणून जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे अकरावीतच तयार ठेवा. आणि मुलीला सिव्हिल नको, असे आधीच ठरवू नका. आराखडे, पाणी तपासणी, प्रयोगशाळा, सरकारी कचेरी, साइट, सर्वत्र स्त्रिया काम करीत आहेत.

शिकागोचा ११० मजली सिअर्स टॉवर १९७३ साली पुरा झाला. त्याची रचना करणारे फजलूर रहमान खान ढाक्याचे. इंजिनिअरिंगचे धडे त्यांनी प्रथम कलकत्त्याजवळच्या शिवपूर कॉलेजात घेतले. प्रत्येक मुलगा तितका मोठा होईल असे नाही. परंतु आपल्या गावचा पूल, शाळा, पाण्याची टाकी भरवशाची व्हावी, एवढे काम पुष्कळ आहे. ज्याला ह्या कामाची आवड आहे, त्यानेच ही शाखा घ्यावी; आणि ज्याने घेतली, त्याला घरच्यांनी पाठबळ द्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.