एका मास्तरांची पवनचक्की



संयोजकांनी मला ‘शाश्वत ऊर्जेसाठी शिक्षणसंस्था आणि उद्योगांचं सहकार्य’ असा भारदस्त विषय दिलाय. मी सॉफ्टवेअरवाली, पवनचक्क्या बांधत नाही. पण आज समोर शिकवणारेही बसलेत आणि कारखाने चालवणारेही, म्हणून एका मास्तरांबद्दल सांगते.

डेन्मार्कमधल्या आस्कोव या खेड्यात पॉल ला कूर नावाचे शिक्षक होते. त्यांची शाळा म्हणजे खेड्यातल्या तरुणांसाठीचं लोकविद्यालय. तिथे परीक्षाच नसत. (मागच्या बाकावरचे आत्ताही खूश झालेले दिसताहेत!) 1891 साली सरकारी मदतीने त्यांनी तिथे वीज करणारी पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज बंद. म्हणून त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायचा, साठवायचा आणि त्यावर शाळेतले दिवे लावायचे, असा त्यांनी मार्ग काढला. स्फोट होऊन खिडक्यांच्या काचा काही वेळा फुटल्या, तरी प्रयोग थांबले नाहीत. आपल्या शाळेत एक परीक्षानळी फुटली तरी काय व्हायचं, ते आठवा.

पुढे त्यांनी गावोगावच्या वीज-कारागिरांसाठी वर्ग काढले. 1904 च्या वर्गात योहानेस यूल नावाचा मुलगा होता. तो वीज कंपनीत इंजिनिअर झाला आणि सत्तरीला टेकल्यावर, 1957 मध्ये, त्याने गेडसर इथे 200 किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की चालू केली. ती दहा वर्षं चालली. वादळात वेग हाताबाहेर गेला तर पात्यांची टोकं वळून चक्की थांबावी, ही सोयही त्याने तिच्यात केली होती.

1973 च्या तेलसंकटानंतर सुतार, लोहार आणि शेतीची अवजारं करणारे कारखाने याच धर्तीवर चक्क्या बनवू लागले. वादळात काही मोडल्या. तेव्हा रिसो इथल्या संशोधन संस्थेत 1978 मध्ये चाचणी केंद्र निघालं, आणि 1979 पासून तिथे मंजूर झालेल्या चक्कीलाच सरकारचं 30 टक्के अनुदान मिळू लागलं. चक्कीमालकांनीही संघटना काढली. कोणत्या चक्कीने किती वीज दिली, कुठे काय मोडलं, हे त्यांच्या मासिकात चक्क छापून यायचं! आमच्या भाषेत हे उघडे बग रिपोर्ट. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. त्याच सुमारास जर्मनीने मोठ्या संस्था आणि मोठ्या कंपन्या लावून एकदम 3 मेगावॅटची ‘ग्रोवियान’ उभारली. ती बहुतेक काळ बंदच राहिली आणि काही वर्षांत मोडीत निघाली.

आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. चेन्नईचं आपलं पवनऊर्जा केंद्रही 1998 मध्ये डेन्मार्कच्या मदतीने सुरू झालं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आपण ज्यांच्यासमोर फोटो काढतो, त्या तीन पात्यांच्या चक्क्यांचा घाट यूलच्याच घराण्यातला.

आपल्याकडे मात्र सहकार्य म्हणजे सामंजस्य करार, शाल, श्रीफळ आणि फोटो. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तयार विकत मिळतात, हे इथल्या प्राध्यापकांना मी सांगायला नको. आणि कारखानदार मित्रांनो, तुमची वीज कुठे वाया जाते, हे तुम्ही बाहेर कुणाला कळू देता का?

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. एमआयडीसीत शेड असलेल्या कुणीतरी एक कॉम्प्रेसर विद्यार्थ्यांच्या हवाली करावा. सगळी मशीन्स बंद असताना तो किती वेळ हवा भरत राहतो, एवढं मोजलं की गळती कळते. या गळतीत कारखान्यांची पुष्कळ वीज जाते. प्राध्यापकांनी हाच विषय दोन-तीन तुकड्यांना सलग द्यावा. म्हणजे पहिल्यांनी काढलेली गळती दुसऱ्यांना पुन्हा तपासता येईल. आकडे, फसलेले उपाय धरून, सगळ्यांना बघायला मिळावेत. नोंदींचं सॉफ्टवेअर मी लिहून देते, पैसे नकोत.

कॉम्प्रेसर कुणाचा, ते जेवणानंतर प्रयोगशाळेत बसून ठरवू. किल्ली शिपाईकाकांकडून मी आधीच घेऊन ठेवली आहे.