कारभाऱ्याचें उत्तर

“नोंद झाली” हे दोन शब्द दिसावयास किती निरुपद्रवी आहेत! परंतु कांहीं वर्षांपूर्वीं याच दोन शब्दांनीं मला एका ग्रंथपालांपुढें मान खालीं घालावयास लाविली. झालें तें असें. आमच्या पेठेंतील एका लहानशा वाचनालयासाठीं देवघेवीच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्रॅम मीं हौसेनें, सी भाषेंत, लिहून दिला होता. कोणी पुस्तक नेलें कीं ग्रंथपाल सभासदाचा क्रमांक घालीत, कळ दाबीत, आणि पडद्यावर “नोंद झाली” अशीं अक्षरें उमटत. एका शनिवारीं संध्याकाळीं चाळीस पुस्तकें बाहेर गेलीं. सोमवारीं पाहावें तों त्या संध्याकाळची एकहि नोंद नाहीं!

“अहो, पण तुमच्या यंत्रानें तर ‘झाली’ म्हणून सांगितलें,” ग्रंथपाल म्हणाले.

यंत्रानें तसें मुळींच सांगितलें नव्हतें. डिस्क भरली होती, आणि यंत्रानें तें चाळीस वेळां सांगितलेंहि होतें. माझ्या प्रोग्रॅमनें तें ऐकलें नाहीं, आणि न ऐकतांच “झाली” असें ठोकून दिलें.

यंत्रानें सांगितलें म्हणजे कोणी सांगितलें? सामान्यतः आपली समजूत अशी असते कीं, प्रोग्रॅम हाच यंत्राचा धनी. वस्तुतः त्याची सत्ता फार थोडी आहे. त्याच्या वांट्याला आलेल्या स्मृतींत त्यानें हव्या तेवढ्या बेरजा-वजाबाक्या कराव्या. परंतु डिस्कवर एक अक्षर लिहिणें किंवा दुसऱ्या यंत्राकडे एक निरोप धाडणें हें त्याला स्वतः होऊन करतां येत नाहीं. प्रोसेसरच त्याला तें करूं देत नाहीं. प्रोसेसर दोन अवस्थांत काम करतो. एक सामान्य प्रोग्रॅमची, दुसरी अधिकाराची. आणि या दुसऱ्या अवस्थेंत ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तोच तेवढा वावरतो. त्याला आपण कारभारी म्हणूं. एका प्रोग्रॅमनें दुसऱ्याच्या वहींत रेघोट्या ओढूं नयेत म्हणून हा बंदोबस्त आहे.

मग विनंती करावयाची ती कशी? लिनक्सवर, आजच्या प्रचारांतील ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या यंत्रांत, “लिही” या विनंतीचा क्रमांक १ आहे. प्रोग्रॅम तो आकडा प्रोसेसरच्या एका ठराविक कप्प्यांत ठेवितो; कोणत्या फाईलींत लिहावयाचें, मजकूर स्मृतींत कोठें आहे आणि तो किती, हें शेजारच्या तीन कप्प्यांत घालतो; आणि एक विशिष्ट आज्ञा उच्चारतो. त्या क्षणीं प्रोग्रॅम थबकतो व कारभारी जागा होतो. काम झालें कीं उत्तर त्याच पहिल्या कप्प्यांत येतें. यालाच सिस्टीम कॉल म्हणतात. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांत याच विनंतीचा क्रमांक ४ होता! असले आंकडे माणसानें कोठवर पाठ करावे? म्हणून भाषेच्या ग्रंथालयांत प्रत्येक विनंतीसाठीं एक मुनीम नेमलेला असतो. सी भाषेंत आपण “राइट” एवढें लिहावें. कप्पे भरण्याची यातायात तो मुनीम करतो.

ही व्यवस्था पुष्कळ जुनी आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला, आणि १९७३ सालीं त्याचा कारभारी सी भाषेंत नव्यानें लिहिला गेला. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेंतील ओपन, रीड, राइट, क्लोज हीं नांवें लिनक्सनें आजहि जशींच्या तशीं ठेविलीं आहेत. त्यांतच “क्रिएट” या शब्दाचें शेवटचें अक्षर गाळून लिहिलेलें एक नांव आहे. युनिक्स पुन्हां रचावयाचें झाल्यास काय बदलाल, असें विचारल्यावर थॉम्प्सन यांनीं तें गाळलेलें अक्षर परत घालीन असें उत्तर दिलें, असें सांगतात.

आतां माझ्या अपराधाकडे वळतों. मुनीम जें उत्तर आणतो तें एका आंकड्यांत असतें. हजार अक्षरें लिहावयास दिलीं तर उत्तर हजार येईल. कधीं सहाशेंच येईल, म्हणजे उरलेलीं चारशें पुन्हां द्यावयाचीं. आणि कधीं उणें एक येईल, म्हणजे काम झालेंच नाहीं. कां झालें नाहीं, याचा आंकडा निराळ्या जागीं ठेविलेला असतो: लिनक्सवर २ म्हणजे अशी फाईल नाहीं, ५ म्हणजे डिस्कचाच बिघाड, २८ म्हणजे जागा शिल्लक नाहीं. त्या शनिवारीं चाळीस वेळां २८ हा आंकडा येऊन पडला, आणि मीं तेथें डोकावूनहि पाहिलें नाहीं. सी भाषा याबद्दल रागावत नाहीं. पायथॉनचें तसें नाहीं. तेथें हेंच उणें एक अपवाद होऊन उभें राहतें, आणि त्याची दखल न घेतल्यास प्रोग्रॅम जागच्या जागीं थांबतो. मला पूर्वीं ही लुडबूड वाटे. त्या सोमवारपासून वाटत नाहीं.

बरें, हजारला हजार असें उत्तर आलें म्हणजे तरी निर्धास्त व्हावें काय? तेंहि नाहीं. त्याचा अर्थ एवढाच कीं, कारभाऱ्यानें मजकूर आपल्या स्मृतींत घेतला. डिस्कवर तो सवडीनें घालील. मध्यंतरीं वीज गेली तर तो मजकूरहि गेला. ज्याला खात्री हवी त्यानें “एफसिंक” ही वेगळी विनंती करावी; तिचें उत्तर मजकूर डिस्कवर पोंचल्यावरच येतें.

पण याहि उत्तराचा अर्थ लावतांना मोठमोठे चुकले आहेत. पोस्टग्रेस नांवाची माहिती जतन करणारी प्रणाली जगभर वापरली जाते. तिच्या रचनाकारांनीं सुमारें वीस वर्षें असें धरलें होतें कीं, एफसिंक फसलें तर पुन्हां विचारावें. दुसऱ्या वेळीं होकार आला म्हणजे सर्व सुरक्षित. २०१८ सालीं उघड झालें कीं, लिनक्सवर हें खरें नाहीं. लिहितांना बिघाड झाला तर कारभारी एकदां तसें कळवितो, आणि तीं पानें “लिहून झालेलीं” अशा खुणेनें बाजूला ठेवितो. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्यापाशीं लिहावयाचें कांहीं उरलेलेंच नसतें; म्हणून तो होकार देतो. कारभारी खोटें बोलला असें मी म्हणणार नाहीं; त्याच्या होकारांत आपण अधिक अर्थ भरला. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत यावर जो उपाय आला तो ऐकून नवल वाटेल: एफसिंक एकदां जरी फसलें तरी पुन्हां न विचारतां पोस्टग्रेसनें आपलें सारें काम तत्काळ थांबवावें, आणि पुन्हां उठल्यावर रोजकीर्दीवरून खतावणी नव्यानें लिहून काढावी. होय, आपल्या दुकानदारांप्रमाणें तेथेंहि प्रत्येक व्यवहार आधीं रोजकीर्दींत चढवितात, म्हणूनच हें साधतें.

माझा प्रोग्रॅम मीं त्याच आठवड्यांत दुरुस्त केला. आतां तो प्रत्येक उत्तराचा आंकडा पाहतो, अपुरें राहिलेलें पुन्हां देतो, एफसिंकचा होकार येईतों थांबतो, आणि मगच “नोंद झाली” म्हणतो. “पूर्वीं हें चटकन होत असे,” अशी ग्रंथपालांची कुरकूर असते, आणि ती खरी आहे. पुढें एकदां डिस्क पुन्हां भरली तेव्हां पडद्यावर “जागा उरली नाहीं, नोंद झालेली नाहीं” असें आलें. त्यांनीं निमूटपणें जुनी वही काढली आणि त्या दिवसाच्या नोंदी शाईनें केल्या. शनिवारच्या त्या चाळीसांपैकीं चौतीस पुस्तकें सभासदांनीं आपण होऊन आणून दिलीं. उरलेलीं सहा अद्याप आलेलीं नाहींत.