गावाची हत्यारपेटी

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गत वर्षांचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. ते कार्य माझ्याहून समर्थ वक्ते करतीलच. मला आपणांपुढे पाना, कानस, करवत आणि सब्बल ह्यांच्याविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

चांदा व गडचिरोली ह्या आपल्या अरण्यप्रदेशाच्या पोटात लोखंड आहे. लोहारा व सुरजागड येथील डोंगर त्याची साक्ष देतात. तथापि एखादा बोल्ट सैल झाला की आपणांस तालुक्याची वाट धरावी लागते! पूर्वी गावचा लोहार व सुतार सुगीच्या धान्याच्या मोबदल्यात वर्षभर फाळ, विळे, वखर दुरुस्त करून देत. ती बलुतेदारी मोडली ह्याचे मला दुःख नाही, कारण तिच्या पायांत जातीची बेडी होती. परंतु तिच्याबरोबर दुरुस्तीची हमीही गेली, आणि तिची जागा कोणी घेतली नाही.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या दारचा हातपंप. 1966-67 च्या बिहारमधील दुष्काळानंतर, आणि पुढे 1972 च्या महाराष्ट्रातील दुष्काळात, कठीण खडकात कूपनलिका खणण्याचा मोठा उद्योग सुरू झाला. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप मूळचे एका कुटुंबाच्या वापराचे होते. येथे मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव त्यांच्या दांड्याला लोंबकळे. ते मोडले, आणि बहुसंख्य मोडलेच राहिले. खणलेल्या भोकांची मोजणी होत असे. पाणी येते की नाही, ह्याची क्वचितच. ह्या दुखण्यावर उपाय आपल्याच महाराष्ट्रात निघाला. जालन्याच्या मिशनमधील व नंतर सोलापूरच्या कारागिरांनी पोलादी पंप घडविला. त्याच्या आधारे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. एकच आस, बंदिस्त बॉलबेअरिंग, दांड्याला साखळी अशी त्याची साधी रचना आहे.

पंप बळकट झाला खरा. परंतु त्याच्या पोटातील वायसर झिजावयाचे ते झिजतातच. ते बदलण्यासाठी 32 मिलिमीटरच्या नळांची संपूर्ण माळ एकेक नळ सोडवीत वर काढावी लागते. त्यासाठी शिकंजे हवेत, चार-पाच माणसे हवीत. मग गाव पंचायत समितीच्या गाडीची वाट पाहत बसते, आणि तोवर स्त्रिया नाल्यातील झिऱ्यावर जातात. पुढे ‘मार्क तीन’ आला. त्याचा नळ 65 मिलिमीटरचा, म्हणून दट्ट्या नळातूनच वर ओढून घेता येतो आणि थोड्या हत्यारांनिशी गावातील माणसेच वायसर बदलू शकतात. तो नळ महाग व जड पडतो, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो : ज्याचे पाणी, त्याच्या हाती पाना. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात 1990 च्या दशकात खेड्यांतील स्त्रियांनी हातपंपाची दुरुस्ती शिकून घेतली. आपल्या भगिनींच्या हातांत काय कमी आहे?

अन्यत्रही लोकांना हे सुचले आहे. अमेरिकेतील ग्रोस पॉइंट येथील ग्रंथालयाने 1943 पासून पुस्तकांप्रमाणे हत्यारेही उसनी देण्याचा परिपाठ ठेवला. 2009 साली ॲम्स्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा ह्या बाईंनी मोडक्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करण्याचा मेळा भरविला. तेथे वस्तूचा धनी कारागिराच्या शेजारी बसून स्वतः शिकतो, आणि हेच त्यातील खरे मर्म आहे. आपल्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे चालक जो. कॉ. कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ होते. घाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन ह्यांचे शिक्षण तेथे प्रत्यक्ष कामातून देत.

सांप्रत शासनाच्या साहाय्याने अवजार बँका निघतात व त्यांतून मोठी यंत्रे भाड्याने मिळतात. त्यांची निंदा मी करीत नाही. परंतु ऐन मळणीत यंत्राचा पट्टा तुटला व तो बसविणारा कोणी नसला, तर ते यंत्र कोंबड्यांच्याच उपयोगी पडते.

म्हणून माझी सूचना अशी की, ह्या महोत्सवाच्या वर्गणीतून कमानीवर थोडे कमी खर्चून एक हत्यारपेटी घ्यावी. तीत नळाचे दोन पाने, साखळीपाना, करवत, कानशी, हातोडी, सायकलचे पाने व शिवणयंत्राची तेलकुपी असावी. अनामत मागू नये. जो अनामत देऊ शकतो तो पाना विकतही घेऊ शकतो. वहीत नाव लिहावे, एवढे पुरे. हत्यार मोडले तर दंड नको, मात्र ज्याने मोडले त्याने दुरुस्तीच्या वेळी शेजारी बसावे. पेटी देवळाच्या खोलीत ठेवू नये, कारण ख्रिस्ती नसलेला शेजारी तेथे येण्यास संकोचेल. किल्ली माझ्याकडेही नको. धर्मगुरूची बदली होते. हातपंपाजवळ राहणाऱ्या एखाद्या भगिनीकडे ती असावी.

येत्या रविवारी मिस्सेनंतर प्रत्येक घराने बंद पडलेली एक वस्तू घेऊन यावे. सायकलच्या पंपाचे वायसर मी आणून ठेवले आहेत. आरंभ त्यापासून करू.